परदेशी निघालेल्या घरासाठी ‘शाळा-कॉलेज पॅकेज’: जळगाव-धुळ्यात काय विकत घ्यावं, काय घेऊ नये

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार इथल्या परदेशी शिक्षणाच्या कार्यालयांत एकट्या विद्यार्थ्याच्या अर्जापलीकडचंही एक काम विकलं जातं. वडिलांना मस्कतला काम लागलं, किंवा आईच्या कंपनीने तिला टोरांटोला पाठवलं, आणि घरात नववी ते बारावीच्या मधलं एक मूल आहे, अशा अख्ख्या घरासाठीचं हे पॅकेज. त्यात साधारण तीन कामं एकत्र बांधलेली असतात: कागदपत्रं तयार करून साक्षांकित करणं, तिकडची शाळा शोधणं आणि पुढे कॉलेजचे अर्ज भरणं. हे परीक्षण कुठल्या एका कार्यालयाचं नाही, या तीन कामांचं आहे. कुठल्या कामाला पैसे मोजावेत, कुठलं घरीच होतं आणि सगळ्यात महत्त्वाचं कुठलं काम या पॅकेजमध्ये बहुधा नसतंच, ते पाहायचं आहे.

आधी निकाल सांगतो. कागदपत्रांचं काम घ्यावं, पण प्रत्येक कागदाचा भाव वेगळा लिहून. शाळा शोधायचे पैसे देऊ नयेत. कॉलेजच्या अर्जाला फक्त तपासणी घ्यावी, लेखन नाही.

आणि जे मिळत नाही ते म्हणजे इकडचा हिशोब. मूल तिकडे गेलं की महाराष्ट्रातलं कुठलं दार बंद होतं आणि कुठलं नवीन उघडतं, हे कोणीतरी कागदावर मांडून द्यायला हवं. पॅकेजच्या माहितीपत्रकात तिकडच्या विद्यापीठांची पानंच्या पानं रंगीत असतात, याला मात्र अर्धं पानही नसतं.

पहिला प्रश्न: डॉक्टर की इंजिनीअर?

खान्देशातल्या बहुतेक घरांत हा प्रश्न नववीतच सुटलेला असतो, किंवा सुटला आहे असं मानलेलं असतं. म्हणून सल्लागारासमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असावं: “भाऊ, पोरीची बारावी तिकडे झाली तर इकडे मेडिकलला काय होईल?” उत्तर लगेच आणि नेमकं आलं नाही, तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

उत्तर असं आहे. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्य कोट्याच्या. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेल्या असाव्या लागतात. सवलती आहेत, पण त्या मुख्यतः बदलीच्या सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी. खासगी नोकरीसाठी आखातात गेलेल्या घराने त्या गृहीत धरू नयेत. म्हणजे दहावी चाळीसगावला आणि बारावी अबूधाबीला झालेली मुलगी नीटमध्ये कितीही गुण मिळवो, धुळ्याच्या, जळगावच्या किंवा नंदुरबारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तिला राज्य कोट्यातून जागा मिळत नाही. तिच्यासाठी १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी महाविद्यालयांतला अनिवासी भारतीयांचा कोटा उरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या इनामदार निकालाने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत हा शेवटचा कोटा जास्तीत जास्त १५ टक्के ठरवला. त्याची फी ऐकून बरीच घरं परत येण्याचा विचार करतात, पण तोवर बारावी होऊन गेलेली असते.

अभियांत्रिकीचं गणित याच्या जवळपास उलटं आहे. एमएचटी-सीईटीच्या प्रवेशात दहावी-बारावी दोन्ही राज्यात आणि सोबत अधिवास किंवा जन्म राज्यातला, असा उमेदवार ‘टाइप ए’ मध्ये येतो. तसं नसेल, पण उमेदवाराचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल, तर ‘टाइप बी’ चा मार्ग उघडा राहतो. शिवाय परदेशात शिकल्यामुळे ‘डासा’ हा नवा रस्ता मिळतो. एनआयटी आणि त्या पंगतीतल्या केंद्रीय संस्थांमध्ये परदेशात शिकलेल्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात आणि त्या आता जेईई मेनच्या क्रमांकावर भरतात. त्यासाठी अकरावी-बारावीसह किमान दोन वर्षांचं शिक्षण परदेशात आणि पात्रता परीक्षाही तिकडूनच उत्तीर्ण असावी लागते. डासाची नेहमीची फी डॉलरमध्ये असते आणि ती जड असते. पण सौदी, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन यांसारख्या आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी त्यातच सीआयडब्ल्यूजी हा उपगट आहे. त्यांना शिकवणी शुल्क इथल्या मुलांइतकंच पडतं. आयआयटी मात्र डासामध्ये नाहीत, तिथे जेईई ॲडव्हान्स्ड एवढाच रस्ता.

थोडक्यात, आखातात अकरावी-बारावी करणं इंजिनिअरिंगला फायद्याचं आणि डॉक्टरकीला तोट्याचं. हे एका वाक्यात सांगणारा सल्लागार भेटला तर त्याची फी वसूल झाली असं समजावं.

यावर उपाय म्हणून कोणी सांगेल, “नाव इथल्या ज्युनियर कॉलेजात राहू द्या, परीक्षेपुरतं आणा.” असा सल्ला ऐकून तिथून उठावं. हजेरीपटावर मूल जळगावात आणि पासपोर्टवरचे शिक्के दोह्याचे, हा विरोध प्रवेशाच्या कागद तपासणीत कधीही बाहेर येऊ शकतो आणि मिळालेली जागा जाऊ शकते. डॉक्टर व्हायचंच असेल तर सरळ रस्ता एकच. मुलीने दोन वर्षं आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहून बारावी इथेच करायची. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे ‘ओळखीने नंतर नाव घालू’ हा जुना भरवसाही धरू नये. नोंदणी आणि पसंतीक्रम वेळेतच भरावे लागतात.

जातीचे दाखले लागणाऱ्या घरांसाठी आणखी एक. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलं साधारण अकरावी-बारावी विज्ञानात असताना कॉलेजच्या पत्रासह करतात. मूल त्या वर्षी परदेशात असेल तर ते पत्र द्यायला कॉलेजच नसतं. म्हणून प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदींच्या नकला निघण्याआधीच काढून ठेवाव्यात. नंतर त्याच नकलेसाठी काकांना तहसीलच्या चकरा माराव्या लागतात आणि दरवेळी “अर्जदार कुठे आहे?” हा प्रश्न येतो.

कागदपत्रं: पैसे इथे खर्च करा

पॅकेजचा हा भाग चांगला असतो, कारण राज्य शासनाचं साक्षांकन मुंबईला होतं आणि पाचोरा किंवा शहाद्याहून त्यासाठी माणूस पाठवणं महाग पडतं. परराष्ट्र मंत्रालयही सर्वसामान्यांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. ‘ई-सनद’ हा ऑनलाइन मार्ग आहे, पण तुमचा कागद देणारी संस्था त्या व्यवस्थेत जोडलेली असेल तरच.

फसगत होते ती कुठल्या देशाला काय लागतं यात. अपॉस्टिल म्हणजे करारातले सगळे देश मानतात असा एकच शिक्का, आणि भारत २००५ पासून त्या करारात आहे. ओमान, बहारीन, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांना अपॉस्टिल चालतं. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या करारात आला. अमिराती, कतार आणि कुवेत करारात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि शेवटी तिकडचं परराष्ट्र खातं, अशी साखळी. सौदीसाठी अजूनही दूतावासाच्या शिक्क्याचे पैसे लावणारं दरपत्रक समोर आलं तर ते जुनं आहे. अपॉस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. बाकी जे लावलं जातं ते सेवाशुल्क, कुरिअर आणि नफा. तो असायला हरकत नाही, पण पावतीवर वेगळा दिसला पाहिजे.

दुसरी फसगत म्हणजे गरज नसलेल्या कागदांवर शिक्के मारणं. आखातातल्या शाळांना शाळा सोडल्याचा दाखला साक्षांकित लागतो, हे खरं. पण अमेरिकेतली किंवा कॅनडातली सरकारी शाळा आठवीच्या प्रगतिपुस्तकाला अपॉस्टिल मागत नाही. तिला पत्त्याचा पुरावा, जन्माचा दाखला, लसीकरण आणि मागचे गुण हवे असतात. तिकडे जाणाऱ्या मुलाच्या डझनभर कागदांना अपॉस्टिल लावून देणारं पॅकेज शोभेचं आहे.

दाखल्याबाबत काही बारकावे. राज्याबाहेर जाणाऱ्या मुलाच्या दाखल्यावर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. मुख्याध्यापकांची सही झाली की काम संपलं असं समजून लोक मुंबईला जातात आणि कागद तिथूनच परत येतो. मूळ दाखला एकदाच मिळतो, पुढची प्रत ‘डुप्लिकेट’ शिक्क्याने येते. म्हणून जिथे नुसता दाखवून चालतं, तिथे मूळ प्रत जमा करू नये. परत आलात तर तोच दाखला आणि त्यावरचा सरल आयडी (मुलाचा शासकीय क्रमांक) व यू-डायस क्रमांक (शाळेचा) उपयोगी पडतो.

नावाची अडचण तर आपल्याकडे घरोघरी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि मधलं नाव कधी आहे, कधी नाही. त्यात कुठे पूर्ण ‘महाजन’, कुठे फक्त आद्याक्षरं, आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. क्रम वेगळा असेल तर एक प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. स्पेलिंग वेगळं असेल तर पुरत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावरची दुरुस्ती शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे करावी लागते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच मंडळाखाली येतात, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे आहे त्यालाच मंडळ धरून चालतं. रजिस्टरच चुकीचं असेल तर सुरुवात तिथून. हे काम तिकीट काढायच्या आधी हाती घ्यावं. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी-मराठी असा द्विभाषिक काढून घ्यावा.

आता ज्याला सगळे किरकोळ समजतात आणि ज्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, तो कागद: नववी ते बारावीचं गुणविवरण, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. अमेरिकी विद्यापीठं चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे नववी आणि अकरावी शाळेच्या अंतर्गत परीक्षेवर उरकतात आणि त्यांचा निकाल मराठी प्रगतिपुस्तकात पडून राहतो. शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, वर्षनिहाय विषय, मिळालेले गुण, एकूण गुण, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि शाळेचा चालू ई-मेल, असा तक्ता करून घ्यावा. पाच-सहा प्रती बंद लखोट्यात, लखोट्याच्या जोडावर शिक्का मारून. नंतर शाळेला हा तक्ता करायला सांगणं म्हणजे वॉट्सॲपवर महिनाभर “सर, झालं का?” विचारत बसणं.

या तक्त्यात तीन गोष्टी घातल्याच पाहिजेत, आणि पॅकेजवाल्यांच्या नमुन्यात त्या क्वचितच असतात.

एक, श्रेणीची मोजपट्टी. राज्य मंडळात ३५ ला उत्तीर्ण, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. हे लिहिलं नाही तर आपलं ७८ टक्के अमेरिकेत ‘सी प्लस’ म्हणून वाचलं जातं. दोन, दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ चा खुलासा. सहाशेपैकी गुण एक टक्केवारी देतात, पाचशेपैकी दुसरी. तिकडच्या माणसाला दोन आकडे दिसले की त्याला खाडाखोड वाटते. एका ओळीची टीप पुरते. तीन, गणिताचा अभ्यासक्रम. आपलं बीजगणित आणि भूमिती नववी-दहावीत दोन पुस्तकांत शेजारी शेजारी चालतात. अमेरिकेत एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित. अभ्यासक्रम जोडला नसेल तर तिकडच्या शाळेचा समुपदेशक खात्रीसाठी मुलाला खालच्या वर्गात बसवतो. मग बारावीपर्यंत कलनशास्त्र येतच नाही, आणि अभियांत्रिकीच्या अर्जात ते नसणं डोळ्यांवर येतं. यावर फुकटचा उपाय: बालभारतीच्या त्याच इयत्तेच्या इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका छापून जोडायची. मराठी माध्यमाच्या मुलालाही चालते, कारण पुस्तक तेच आहे. भाषांतराचे पैसे यात वाचतात. सेमी-इंग्रजीच्या मुलांनी गणित-विज्ञान इंग्रजीतून झाल्याचं त्याच पत्रात लिहून घ्यावं.

लसीकरणाचं पुस्तक सापडत नाही ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिचाही उल्लेख हवा. अमेरिकी शाळा गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, पोलिओ आणि किशोरवयातला धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा डोस तारखांसह मागतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, म्हणून ती बहुतेकांची राहिलेली असते. काही लसींच्या दोन डोसांत अंतर ठेवावं लागतं. बालरोगतज्ज्ञांकडून निघण्याच्या तीन-चार महिने आधी हे सुरू करून इंग्रजीत तक्ता घ्यावा.

शाळा शोधणं: हे घरीच होतं

याला पैसे का देऊ नयेत? कारण अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. भाडेकरार झाल्याशिवाय कोणी शाळा ‘मिळवून’ देऊ शकत नाही, आणि झाल्यावर ती त्या भागाच्या शिक्षण विभागाकडूनच मिळते. आखातातल्या भारतीय शाळांत जागेची चणचण असते, पण तिथे अर्ज शाळेच्या संकेतस्थळावर थेट करता येतो.

आखातासाठी खरा प्रश्न कॅलेंडरचा आहे. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे-जूनमध्ये. तिकडच्या सीबीएसई शाळांची अकरावी एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे मूल पोचतं तेव्हा पहिला धडा संपलेला, कधी पहिली चाचणीही. शाळेला आधी कळवून तात्पुरता प्रवेश मागावा लागतो. सीबीएसई दहावीत आणि बारावीत थेट प्रवेश देत नाही. नववीत आणि अकरावीत नोंदणी होते आणि तेच विषय पुढच्या वर्षी चालवावे लागतात. पालकांच्या बदलीसारख्या कारणाने मंडळाच्या परवानगीने अपवाद होतो, पण तो कागदांनी सिद्ध करावा लागतो. म्हणून बदली दहावी किंवा बारावीच्या मधोमध येत असेल, तर आई किंवा वडिलांनी एकाने आधी जाणं आणि वर्ष संपल्यावर बाकीच्यांनी जाणं हाच शहाणपणा. आठवीनंतर किंवा दहावीनंतर हलणं सगळ्यात सोपं. मराठी विषय तिकडे बहुतेक शाळांत मिळणार नाही, मग हिंदी, फ्रेंच किंवा जे असेल ते नव्याने.

मूल मध्येच अडकलंच, तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हा सुटकेचा मार्ग. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. पाच वर्षांत नऊ संधी. आखातात त्यांची केंद्रं आहेत. हा मार्ग शेवटचा ठेवावा, पण सल्लागार तो सुचवतच नाही, याचं एक कारण उघड आहे: यात त्याला काही मिळत नाही.

ब्रिटनमध्ये जीसीएसई हा त्यांच्या दहावी-अकरावीचा दोन वर्षांचा अभ्यास. त्यांच्या अकरावीत मधूनच गेलेल्या मुलाला दीड वर्षाचं काम काही महिन्यांत करावं लागतं. आपली दहावी करून थेट सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना, जाणं त्याहून बरं. तिथे ए-लेव्हलला, म्हणजे त्या दोन वर्षांच्या परीक्षेला, तीन विषय घेतात, आणि इथे एक मोठा खड्डा आहे. मुलगा जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतो, कारण भौतिकशास्त्र नावडतं. नीटला भौतिक, रसायन, जीव हे तिन्ही लागतात, इंग्रजीही विषय म्हणून लागतं. तिथल्या शिक्षकाला हे माहीत असण्याचं काही कारण नाही. भारतात परतायची एक टक्काही शक्यता असेल तर विषय निवडतानाच नीट आणि जेईईची अट समोर ठेवावी. ए-लेव्हल किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांना परतल्यावर दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाचं, म्हणजे एआययूचं, समकक्षता प्रमाणपत्र लागतं. परदेशातल्या सीबीएसई शाळेतून आलेल्याला ते लागत नाही.

ओंटारिओचा पदविका अभ्यास ३० क्रेडिटचा, सोबत ४० तासांची समाजसेवा आणि साक्षरतेची परीक्षा. आपल्या नववी-दहावीचे क्रेडिट तिथले मुख्याध्यापक ठरवून देतात, म्हणून वर सांगितलेला तक्ता तिथेही कामाला येतो. अमेरिकेत बारावीत पोचलेल्या मुलाकडे त्या राज्याच्या सक्तीच्या विषयांचे, म्हणजे अमेरिकेचा इतिहास, नागरिकशास्त्र वगैरेंचे, क्रेडिट नसतात आणि एका वर्षात ते पुरे होत नाहीत. अशा वेळी अकरावीत बसवा असं आपणच सांगितलेलं बरं. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली की इंग्रजीची चाचणी होते. त्यात कमीपणा नाही. फक्त इंग्रजीच्या जादा तासांनी विज्ञानाचा तास बाहेर ढकलला जात नाही ना, हे वेळापत्रकात पाहावं. ऑस्ट्रेलियात शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं, त्यामुळे सहा महिने पुढे की मागे हा निर्णय करावा लागतो, आणि न्यू साऊथ वेल्ससारख्या राज्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या घरांना सरकारी शाळेलाही फी पडू शकते. जर्मनी वेगळाच विषय आहे. तिथे भाषा आल्याशिवाय पुढे काहीच नाही.

कॉलेजचे अर्ज: इथे घराचं आणि सल्लागाराचं हित वेगळं

सल्ला फुकट असतो तेव्हा पैसे विद्यापीठ देतं. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियातली बरीच विद्यापीठं एजंटला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यामागे कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. पण आई-वडिलांसोबत गेलेलं मूल पुढे कायम रहिवासी झालं तर ते स्थानिक विद्यार्थी म्हणून अर्ज करू शकतं, आणि तेव्हा एजंटला काही मिळत नाही. म्हणून अर्ज कुठल्या गटात भरला जातोय, हे प्रत्येक फॉर्मवर पालकांनी स्वतः पाहावं. फीचा फरक दुप्पट-तिप्पट असू शकतो.

अटी देशागणिक वेगळ्या आहेत. इंग्लंडमध्ये ‘होम’ फीसाठी स्थायिक दर्जा आणि तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. नोकरीच्या व्हिसावरच्या घराचं मूल तिथल्याच शाळेत शिकूनही परदेशी फी भरू शकतं. अमेरिकेत एच-४ वरच्या, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसासोबत आलेल्या, मुलाला संघीय आर्थिक मदत मिळत नाही. राज्यांतर्गत, म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांच्या, फीचा नियम राज्यागणिक बदलतो, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की मुलाचा पालकांवर अवलंबून असलेला दर्जा संपतो. ग्रीन कार्डची रांग मोठी असल्याने हे बऱ्याच भारतीय मुलांच्या कॉलेजच्या मधल्या वर्षांत येतं. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन निघणाऱ्या घराला हे आजच माहीत असायला हवं.

तारखा: अमेरिकेचा कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणारा एकच अर्ज, १ ऑगस्टला उघडतो, लवकरच्या फेऱ्या १ किंवा १५ नोव्हेंबरला बंद होतात, नेहमीच्या बहुतेक जानेवारीच्या सुरुवातीला. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयसाठी १५ ऑक्टोबर, बाकींसाठी जानेवारी. ऑगस्टमध्ये नव्या शाळेत पोचलेल्या बारावीच्या मुलाला दोन-तीन महिन्यांतच शिफारसपत्र लागतं, आणि तिथल्या शिक्षकांना त्याचं नाव अजून नीट उच्चारता येत नसतं. म्हणून इथल्या सरांना किंवा मॅडमना निघतानाच विनंती करावी. पत्र त्यांनी स्वतः लिहायचं आणि त्यांच्याच ई-मेलवर आलेल्या दुव्यातून चढवायचं. सरांना संगणक जमत नसेल तर शेजारी बसून दाखवावं. त्यांच्या नावाने जीमेल खातं काढून पत्र कार्यालयानेच लिहून टाकायचं, ही ‘सोय’ देणारा माणूस मुलाचं पुढे मिळालेलं ऑफर लेटर धोक्यात घालतो. निबंधांचंही तसंच. इंग्रजी तपासून घ्या, पण केळीच्या बागेत वाढलेल्या मुलाचा निबंध एखाद्या नमुन्यातून आलेला नेतृत्वाचा धडा झाला तर वाचणाऱ्याला तो लगेच कळतो.

जेईई मेन आणि नीट दोन्हींची केंद्रं आखातातल्या शहरांत असतात. एमएचटी-सीईटीसाठी मात्र इकडे यावं लागतं, तिकिटाचा तो खर्च धरून ठेवावा.

व्यवहार

करार कागदावर घ्यावा, तिन्ही कामांचे दर वेगळे. आगाऊ रक्कम कागदांच्या कामापुरतीच द्यावी. शाळा किंवा जागा ‘नक्की’ मिळेल असं लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण ते त्याच्या हातात नाही.

मूळ कागद देताना प्रत्येक कागदाचं नाव, त्याचा क्रमांक आणि परत मिळण्याची तारीख असलेली पोच घ्यावी. नुसत्या ‘कागदपत्रे मिळाली’ या ओळीवर सही करून फाइल सोडू नये. देण्याआधी सगळं स्कॅन करून ठेवावं, मागची बाजूही, कारण साक्षांकनाचे शिक्के आणि स्टिकर बऱ्याचदा मागेच असतात.

आणि घरातलं एक भारतीय सिमकार्ड चालू ठेवून त्याला रोमिंग लावून न्यावं. डिजीलॉकर, जेईई-नीटची नोंदणी, सीईटी, बँक, सगळ्यांचा ओटीपी आधारला किंवा अर्जात दिलेल्या नंबरवर येतो. निघायच्या आधी मुलाच्या आधारला जोडलेला नंबर कुठला आहे ते तपासावं. शाळेत कधीकाळी भरलेला मामांचा जुना नंबर असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलावा. तिकडून तो बदलता येईल असं धरून चालू नये.